गेनच्या त्या एका कागदाबद्दल, दादा

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या नवशिक्यांसाठी तुम्ही लिहून दिलेला कागद आमच्याकडून किती जणांच्या हाती गेला, याचा हिशेब आता राहिलेला नाही. जाहीर आभार मात्र मानायचे राहून गेले. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून भागणार नाही. कशाकशाबद्दल, तेही सांगायला हवं.

पहिलं म्हणजे, ‘कोणता प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं जोड-सॉफ्टवेअर) घेऊ?’ या प्रश्नाला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. कागदाची सुरुवातच उलट्या प्रश्नाने होते: सगळ्यात जोरकस ओळ गाताना मीटर कुठे जातो? नवा माणूस ‘हॅलो, चेक’ म्हणत गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावतो. मग रेकॉर्डिंग सुरू होतं, गाणं अंगात येतं, तोच आवाज सहज पाच-सहा डेसिबल वर जातो आणि अंतऱ्यातला वरचा सूर फाटतो. तुमचा उपाय असा: ती जोरकस ओळ आधी पूर्ण ताकदीने म्हणायची, तिचे पीक (सगळ्यात उंच टोकं) मीटरवर मायनस १२ ते मायनस १० डेसिबलच्या दरम्यान येतील (शून्य म्हणजे छत) एवढाच गेन ठेवायचा, आणि टेक संपेपर्यंत त्या नॉबला हात लावायचा नाही.

‘एवढं हळू? मग खरखर नाही का येणार?’ हे प्रत्येक जण विचारतोच. त्याचंही उत्तर तुम्ही आकड्यांत दिलंत. १६ बिटला ९६ डेसिबलचा पल्ला असतो, २४ बिटला हिशेबाने १४४. वर १२ डेसिबल मोकळे सोडले तरी खाली जागाच जागा. खोलीतला पंखा आणि प्रीअँपची (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाची) सरसर या तळाच्या कितीतरी वर असतात, त्यामुळे गेन चढवला की सुराबरोबर त्याही चढतात. पदरात काहीच पडत नाही. शून्याला धडकलेला सूर मात्र कन्व्हर्टरमध्येच (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागात) सपाट कापला जातो. नंतर फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढून तो फक्त हळू होतो. फाटलेला तो फाटलेलाच.

माइकच्या अंतराबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलात: वीतभर. आणि मध्ये पॉप फिल्टर. माइकला चिकटून गायलं की कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक खर्ज फुगवतो, तो मग इक्यूने (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या हत्याराने) उपसत बसावं लागतं. लांब गेलं तर उलटी पंचाईत: अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. तो घुमारा नंतर कोणत्याही मिक्सिंगने नीट निघत नाही.

मिक्सिंगच्या भागात तुमचा क्रम पक्का आहे, आणि तो उलटा केला की काय होतं ते रोज दिसतं. आधी क्लिप गेन, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या तुकड्याचीच पातळी: प्रत्येक ट्रॅकची सरासरी मायनस १८ च्या आसपास आणायची. मग सगळे फेडर तळाला. पहिला फेडर गायकाचा. मग बेस आणि डग्गा, आणि गिटार सगळ्यात शेवटी. मास्टरचे (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलचे) पीक मायनस ६ च्या पुढे जायला लागले तर सगळे ट्रॅक एकत्र निवडून चार डेसिबल खाली. काही जण इथे वाद घालतात की सॉफ्टवेअर आतून ३२ बिट फ्लोटमध्ये (शून्याच्या वरचे आकडेही न कापता ठेवणाऱ्या पद्धतीत) चालतं, शून्याच्या वर गेलं तर बिघडलं काय? आत काहीच बिघडत नाही, खरंय. पण मास्टरवर लावलेला कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबणारं हत्यार) बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फेडरच्या आधी बसतो. फेडर खाली घेऊन मीटर गप्प होतो, कॉम्प्रेसर तसाच चिरडत राहतो.

सोलोचं (एकच ट्रॅक ऐकवणारं) बटण तुम्ही ‘खोटारडं’ म्हणता ते आम्हाला फार आवडतं. एकटी ऐकताना भरदार वाटणारी गिटार २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गायकाच्या अंगावर बसलेली असते. तिथून तीन डेसिबल काढा, १०० च्या खाली हाय पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. सोलोमध्ये ती आता बारीक वाटेल, गाण्यात मात्र जागेवर बसेल. गायकाला हाय पास ८० च्या आसपास. त्याखाली टेबलाच्या धक्क्यांशिवाय सहसा काही नसतं.

एकाच गिटारला दोन माइक लावणाऱ्यांसाठीचं तुमचं गणित तर आम्ही फळ्यावर लिहून दाखवतो. दोन माइकच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर लांबच्या माइकवर आवाज सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की ५०० हर्ट्झला, मग १५०० ला, मग २५०० ला खड्डा. डावी-उजवीकडे पसरून ऐकताना हे लक्षातच येत नाही. मोनो केलं, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र केल्या, की गिटार पोकळ होते. लांबच्या माइकचा ट्रॅक तेवढा आधी सरकवा किंवा सरळ एक माइक बंद करा. आमच्या मते नवशिक्याने दुसरंच करावं.

कॉम्प्रेसरचं भूत तुम्ही दोन ओळींत उतरवलंत. ३:१ वर थ्रेशोल्डच्या (दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या) ६ डेसिबल वर गेलेला सूर २ डेसिबल वर राहतो, म्हणजे ४ दाबले गेले. गायनाला एवढं पुष्कळ. अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, १० ते ३० मिलिसेकंद, नाहीतर शब्दांची सुरुवात बोथट होते. पुढची ओळ त्याहून मोलाची: मेकअप गेन (दाबल्याने कमी झालेला आवाज परत वाढवणं) लावल्यावर बायपास करून (कॉम्प्रेसर तात्पुरता बंद करून) दोन्ही बाजूंची पातळी सारखी करा, मगच ठरवा. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की गाणं भरल्यासारखं वाटतं, मिक्स मात्र होतं तिथेच असतं.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) सेंडवर, म्हणजे वेगळ्या चॅनलवर; प्री-डिले, म्हणजे सूर आणि घुमारा यांतली फट, ३० मिलिसेकंदांच्या आसपास. लाउडनेससाठी ऊर फोडून घेऊ नका. स्पॉटिफाय एरवी मायनस १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणूनच वाजवतं. ट्रू पीक (आवाजाच्या लाटेचं खरं टोक) मायनस १ ला ठेवा. हे दोन्ही तुम्ही जेमतेम एका ओळीत उरकलंत, आणि त्यांची लायकी तेवढीच आहे.

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी जमत नाही. ‘हेडफोनवर मिक्स करू नये’ असं तुम्ही लिहिलंत. लहान, मोकळ्या भिंतींच्या खोलीत खुर्ची हातभर मागे सरकवली तरी बेस बदलतो. भिंतीवर गोधडी टांगून फक्त वरचे सूर मरतात, खर्जाला तिचा धक्काही लागत नाही. अशा खोलीत बेसचा निर्णय हेडफोनवरच घ्यावा. पॅन (डावं-उजवं) आणि रिव्हर्ब तेवढे स्पीकरवर, हळू आवाजात पुन्हा तपासावेत. कागदाची पुढची प्रत काढाल तेव्हा ती ओळ बदला. तोवर आम्ही ती पेनाने खोडून वाटतोय, राग मानू नका.

आपले,
नवशिक्यांचे ट्रॅक तपासून देणारे आम्ही सगळे