उरलेल्या लाकडाचे चार पैसे

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, उरल्यासुरल्या लाकडातून खरंच चार पैसे सुटतात का? सुटतात. पण नोकरी सांभाळून करायचं तर आधी आपल्या तासांचा हिशेब मांडावा लागतो. फुकट मिळालेल्या फळीचे खिळे उपटा, ती वाळवा, रंधा मारून सरळ करा, यातच अख्खी सुट्टी खर्ची पडते. म्हणून मी फर्निचर करणाऱ्यांकडचे उरलेले तुकडेच आणतो. ते वाळलेले असतात, शिवाय लाकूड कुठलं तेही कळतं. मालवाहतुकीच्या पॅलेटच्या फळ्या घेतल्यास, तर शिक्का बघ. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. त्याला हात लावू नकोस.

वस्तू एकच धर. मी चॉपिंग बोर्ड धरला. बीच किंवा मेपल लाकडाच्या अरुंद पट्ट्या त्यात छान खपतात, एरवी त्या कुणाला नको असतात. सगळ्या पट्ट्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकाच दिशेला ठेवायच्या, कारण दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. एखादी आडवी चिकटवली की पुढेमागे तडा जातो. पट्ट्या चिकटवून क्लॅम्पने (शिकंज्याने) आवळताना सांध्यावर ग्लूचे बारीक मणी सलग उमटले की थांबायचं. आणखी पिळलं तर ग्लू सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी, म्हणजे कच्चा राहतो. घासकामात ८०, १२०, १८०, २२० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने वापर, नंबर वाढेल तसा पेपर बारीक. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू दे. तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते. ती २२० ने परत हलकेच घासायची आणि मगच खाण्यायोग्य मिनरल ऑइल लावायचं. एवढं केलं की गिऱ्हाइकाने पहिल्यांदा धुतल्यावर बोर्ड खरखरीत होत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं.

किंमत लाकडावरून ठरवू नकोस. तुझे तास, ग्लू, पेपर, तेल, पॅकिंग सगळं धर. तेवढे पैसे कुणी देत नसेल तर वस्तू बदल, मजुरी कापू नकोस. हे मी फार मनापासून सांगतोय. पट्ट्या एकाच मापाच्या कापायला साधा जिग, म्हणजे माप धरून ठेवणारा साचा, करून घे, निम्मा वेळ तिथेच वाचतो.

आणि मास्कशिवाय घासायचं नाही, दादा. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते, हे सिद्ध झालंय. दुसऱ्या कामांना जवसाचं तेल वापरलंस तर त्याची फडकी चुरगाळून टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळव.

तुझ्याकडचे तुकडे किती रुंद आणि किती जाड आहेत ते मोजून कळव, म्हणजे जिगचं माप काढून पाठवतो. आई-बाबांना आणि वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
धाकटा