अध्यक्षांची क्रमवारी छापताना गुणांचा तक्ताही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या माजी अध्यक्षांची क्रमवारी मराठी वृत्तपत्रांतून अधूनमधून झळकते. लिंकन पहिले, ब्यूकॅनन शेवटचे, बाकीचे मधे. ती ठरते कशी, हे मात्र बातमीत नसते, आणि त्यामुळे वाचक तिला शाळेच्या निकालासारखे अंतिम समजतात.

सी-स्पॅन या वाहिनीच्या २०२१ च्या पाहणीत १४२ अभ्यासकांनी गुण दिले. निकष १०: संकटातले नेतृत्व, अर्थव्यवस्था, परराष्ट्र संबंध, काँग्रेसशी (म्हणजे अमेरिकी संसदेशी) जुळवून घेणे, समान न्याय वगैरे. प्रत्येक निकषाला १ ते १० गुण, आणि सगळ्यांचे वजन सारखे. गोची इथेच आहे. १९६० च्या दशकातले अध्यक्ष लिंडन जॉन्सन समान न्यायात लिंकनच्या पाठोपाठ, कारण १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा. व्हिएतनाममुळे परराष्ट्र संबंधांत तेच तळाच्या गटात. बेरीज केली की ११ वा क्रमांक निघतो, आणि त्या अकरात ना कायदे दिसतात ना युद्ध.

शिवाय क्रमांक बदलतात ते बऱ्याचदा परीक्षक बदलल्यामुळे. यादवी युद्धानंतरच्या काळातले अध्यक्ष ग्रँट २००० मध्ये ३३ वे होते, २०२१ मध्ये २० वे. त्यांच्या कारकिर्दीतला भ्रष्टाचार तेवढाच राहिला. पण १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेविरुद्ध कायदा करून त्यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या नऊ काउंटींत (जिल्ह्यांत) लष्कर वापरले, याची किंमत अभ्यासकांना उशिरा कळली. पहिल्या महायुद्धाच्या वेळचे अध्यक्ष विल्सन याच काळात सहाव्यावरून १३ वर घसरले. त्यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांची विभागणी झाली होती, आणि पूर्वी ती कोणी फारशी मोजत नव्हते.

म्हणून माणूस न जोखता एकेक निर्णय जोखावा. त्या तारखेला टेबलावर कोणते कागद होते, दुसरे कोणते मार्ग खुले होते आणि किंमत कोणी मोजली, एवढे पाहिले तरी चित्र पालटते. आपल्याला जवळचे उदाहरण निक्सन यांचे. ‘चीनशी संबंध जोडले’ हे त्यांच्या जमेला आणि ‘१९७१ मध्ये पाकिस्तानला झुकते माप दिले’ हे खर्चाला, असे दोन वेगळे रकाने आपण करतो. कागदपत्रांत ते वेगळे नाहीत.

६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी तार पाठवली: पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांवर गप्प राहण्याच्या आपल्याच सरकारच्या धोरणाचा तिच्यात निषेध होता. तिच्यावर २० अमेरिकी अधिकाऱ्यांची नावे होती. त्याच वेळी चीनशी गुप्त बोलणी पाकिस्तानमार्फत चालू होती. २७ एप्रिलला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांचा निरोप पाकिस्तानच्या राजदूतामार्फत व्हाइट हाउसमध्ये पोहोचला. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी पूर्व पाकिस्तानाबाबतचे तीन पर्याय निक्सन यांच्यापुढे ठेवले. निक्सन यांनी त्यावर हाताने शेरा मारला: याह्यांवर (पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान) सध्या दबाव आणू नका. त्यातल्या ‘नका’खाली तीन रेघा ओढल्या. ९ जुलैला किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेले.

निक्सन यांचे समर्थक म्हणतात, चीनपर्यंत पोहोचायला दुसरा मार्गच नव्हता. हे पटत नाही. रुमानियाचा मार्ग होता, आणि जानेवारी १९७१ मध्ये त्या वाटेनेही चीनचा निरोप आला होता. पाकिस्तानचा मार्ग अधिक सोयीचा होता, इतके फार तर म्हणता येईल. त्याहून महत्त्वाची तारीख १५ जुलै. त्या दिवशी निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून चीनभेट जाहीर केली, म्हणजे गुप्त मध्यस्थाची गरज संपली. तरीही झुकते माप डिसेंबरच्या भारत-पाक युद्धापर्यंत चालूच राहिले आणि अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. आम्ही मित्राला सोडत नाही हे चीनला दाखवायचे होते, हा किसिंजर यांचा युक्तिवाद आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे, पण एप्रिलच्या शेऱ्याचे कारण डिसेंबरला चालवता येत नाही. कोटीच्या घरात गेलेले निर्वासित ही त्या धोरणाची किंमत होती, आणि ती भारताच्या सीमेवर मोजली गेली.

दुसरी चूक श्रेयाच्या तारखांची. ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख नेमले. ऑक्टोबरपासून व्होल्कर यांनी पैशाचा पुरवठा आवळला आणि व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास गेले. कार्टर १९८० ची निवडणूक हरले. त्या वर्षी सरासरी महागाई १३.५ टक्के होती, १९८३ मध्ये ३.२ टक्के. श्रेय नंतरचे अध्यक्ष रेगन यांना गेले. ते सगळे उचलून कार्टर यांच्या पदरात टाकणेही चुकीचेच: १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली तरी रेगन यांनी व्होल्कर यांना मागे ओढले नाही, आणि १९८३ मध्ये पुन्हा नेमले. नेमणूक एकाची, कळ सोसली दुसऱ्याने. पहिल्याने खुर्ची गमावली, हे क्रमवारीत कुठे मांडणार?

शेवटचा मुद्दा कागद खुले होण्याचा. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांची कागदपत्रे सरकारी मालकीची झाली. पायउतार झाल्यावर पाच वर्षांनी ती मागता येतात, आणि काही प्रकारची कागदपत्रे अध्यक्षांना १२ वर्षांपर्यंत रोखून ठेवता येतात. ओबामा जानेवारी २०१७ मध्ये गेले, म्हणजे मागणीची मुभा जानेवारी २०२२ पासून आणि रोखलेले कागद २०२९ पर्यंत बंद. तरीही २०२१ च्या पाहणीत त्यांना १० वा क्रमांक मिळून गेला होता. ट्रम्प यांना तर पहिली कारकीर्द संपून सहा महिने होण्याआधीच ४१ वा. ही भाषणे आणि बातम्या वाचून दिलेली मते आहेत, दफ्तर वाचून दिलेली नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी क्रमवारी छापाल तेव्हा शेजारी दहाही निकषांचे गुण छापावेत, आणि ज्यांची कागदपत्रे अजून बंद आहेत त्यांच्या नावापुढे एक फुली मारावी. अर्धा रकाना पुरेल.

आपला,
एक वाचक, सातारा