येझदी भंगारात देऊ नका

प्लझेन, चेक प्रजासत्ताक,
२० एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "गुडघा साथ देत नाही, कीक बसत नाही. भंगारवाला येऊन बघून गेलाय, देऊन टाकतो येझदी." मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. बोलले असते तरी तुम्ही फोन आईच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, आणि शेवटपर्यंत ह्यांना उठू देऊ नको.

सीझेड, मी घेतलेली ती जुनी चेक मोटरसायकल, चालू झाली. पण आधी ती आणायला गेले त्या दिवसाचं सांगते, ते फोटोंच्या गडबडीत राहूनच गेलं. पीसेकजवळच्या एका खेड्यात, गवताच्या कोठारात ती तीस वर्षं उभी होती. १९७२ची, अडीचशे सीसीची मोटोक्रॉस, म्हणजे चिखलमातीतल्या शर्यतींची गाडी. दिवा नाही, हॉर्न नाही, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं. गाडी तिथल्या एका आजोबांच्या भावाची. विकायला काढली होती, पण माझ्याकडे बघून त्यांचं मन होत नव्हतं. मी डाव्या बाजूला गेले, गियरची लिव्हर आत दाबली आणि फिरवून वर उभी केली. इंजिन जाम होतं, कीक तसूभरही खाली गेली नाही. आजोबा मात्र माझ्या पायाकडे बघत राहिले. असल्या गाड्यांत गियर आणि कीक एकाच दांड्यावर असते हे आता इथल्या पोरांनाही माहीत नसतं. "कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, बाबांनी, कोल्हापुरात. मग गाडी माझ्या नावावर करायला त्यांनी फार वेळ लावला नाही.

बाबा, ही तुमच्या येझदीच्या घराण्यातलीच. जावा आणि सीझेड इथे सख्ख्या बहिणींसारख्या. सीझेडचं गाव स्त्राकोनित्से, माझ्याकडून गाडीनं तासा-सव्वा तासावर. जावाचं बी मैसूरला गेलं, १९६१ला तिथून गाड्या निघायला लागल्या आणि १९७३पासून नाव येझदी पडलं. तुम्ही जोतिबाच्या चढावर दुसऱ्या गियरात जिला दामटायचात, तिच्या मावशीनं इकडे चिखलात जग जिंकलं होतं. जोएल रोबेर नावाच्या बेल्जियन पोरानं १९६४ला विसाव्या वर्षी सीझेडवर २५० सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं, पुन्हा १९६८ आणि १९६९ला. ५००च्या गटात पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स १९६६पासून सलग तीन वर्षं.

आणि फाल्टा, सीझेडवरचा इथलाच रायडर. यारोस्लाव्ह फाल्टाचं नाव काढलं की सुट्या भागांच्या दुकानातला माणूस अजून हातातलं काम खाली ठेवतो. १९७४च्या २५० सीसी विश्वविजेतेपदाची शेवटची शर्यत स्वित्झर्लंडमध्ये, वोलेनला. सोव्हिएत रायडर मुद्दाम आडवे येत होते, असं इथे सगळे सांगतात. तरी फाल्टा टिकला, विजेता ठरला असं सगळ्यांना वाटलं. मग सुरुवातीला घाई केली म्हणून एका मिनिटाचा दंड लावला आणि विजेतेपद सोव्हिएत मोइसेयेवकडे गेलं. पन्नास वर्षं झाली, पण दुकानातला माणूस ते काल घडल्यासारखं सांगतो. ऐकून माझ्याही घशात दाटून आलं.

कामाचं म्हणाल तर अख्खा हिवाळा गेला. ब्लॉकमध्ये डिझेल भरून आठ दिवस ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा लावून हलके ठोके दिले, तेव्हा पिस्टन सुटला. बोअर करून देणारा माणूस शोधण्यात दोन आठवडे गेले. तुम्ही सकाळी उद्यमनगरात ब्लॉक द्यायचात आणि संध्याकाळी नव्या पिस्टनच्या मापाचा करून घेऊन यायचात, ते रोज आठवायचं. क्रँकची बेअरिंगं बसवताना केस ओव्हनमध्ये शंभर डिग्रीपर्यंत तापवली आणि बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. ॲल्युमिनियम फुगतं, बेअरिंग आकसतं, हातोडीशिवाय टप्प करून जागेवर बसतं. आई, ओव्हन सोड्यानं दोनदा धुतलाय. पॅकिंग मात्र तुम्हा दोघांच्या पद्धतीनं केली. केसवर कागद ठेवून बाबांसारखा कडेकडेनं हातोडीचा ठसा घेतला, आणि कापताना आई, तू ब्लाउजच्या गळ्याला कात्री फिरवतेस तशी फिरवली. कात्री स्थिर ठेवून कागद वळवायचा. एकही पॅकिंग वाया गेली नाही.

आता फेब्रुवारीतली ती रात्र. बाबा, तुम्ही ती विसरलात असं मला वाटतं, म्हणूनच हे पत्र. गाडी पहिल्यांदा चालू झाली, मी आनंदानं फोन लावला, तिथे साडेदहा वाजले होते. तुम्ही झोपेतून उठून ऐकत होतात. मी ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना, उलट आपोआप चढत गेला. मला वाटलं कार्बोरेटर. तुम्ही एवढंच म्हणालात, "बंद कर आधी. हवा घेतंय. क्रँकचं ऑइल सील बघ."

दुसऱ्या दिवशी एक्झॉस्ट आणि इनटेक ट्यूबच्या रबरानं बंद केले, सायकलच्या पंपानं थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटच्या बाजूला बुडबुडे. बसवताना सीलची कड आत दुमडली होती. तिथून आत जाणाऱ्या हवेनं मिश्रण पातळ होत होतं. अजून दहा मिनिटं चालवली असती तर नवा पिस्टन वितळून ब्लॉकला चिकटला असता. साडेसहा हजार किलोमीटरवरून, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तुम्ही ते ऐकलंत. मी इंजिनांवरच नोकरी करते, माझ्याभोवती सेन्सर आहेत, मला ते ऐकू आलं नव्हतं.

आणि तुम्ही म्हणता, आता त्या गाडीचा काय उपयोग.

मी डिसेंबरात तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. येझदी जिन्याखालून बाहेर काढायची, इंजिन उतरवायचं. खोलायचं मी. तुम्ही शेजारी खुर्चीत बसायचं आणि सांगायचं. टायमिंग तुम्ही लावायचं, ते मला अजून तुमच्यासारखं जमत नाही. कीक मी मारेन. आई, तू मागे बसून रंकाळ्याला चक्कर मारून येणार आहेस, आत्ताच सांगून ठेवते.

तोपर्यंत एवढंच करा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून कॉक बंद करा. प्लग काढून दोन चमचे टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल आत सोडा. कीक मारायला जाऊ नका. मेन स्टँडवर लावून चौथ्या गियरात टाका आणि मागचं चाक हातानं हळू फिरवा. फिरलं नाही तर जोर लावू नका, मला कळवा. मग प्लग परत बसवा आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात कापडाचे बोळे घाला, उंदरांसाठी. बोळे घातलेत अशी चिठ्ठी हँडलला बांधा. आई, ती तू लिही, बाबांचं अक्षर डिसेंबरात मला लागायचं नाही.

तुमची,
मनू