मावशी, हे आभार जरा सविस्तर मानतो आहोत

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या विशेष मुलांच्या शाळेतलं मदतनिसाचं काम सोडून वृद्धसेवा केंद्रात रुजू झालात. निरोपाला साडी-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि जो तो तुम्हाला 'मायाळू' म्हणाला. माया आहेच तुमच्यात. पण मारायला उठलेल्या मुलाचा राग तुम्ही ज्या रीतीने उतरवायचात, त्याला नुसती माया पुरत नाही. ते शिकून, पारखून कमावलेलं कसब आहे आणि त्याबद्दल भाषणांत कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून हे उघड पत्र. जूनमध्ये नव्या मदतनीस येतील, त्यांच्याही हाती हेच देणार आहोत.

आमच्या प्रशिक्षणात मुलांच्या वर्तनाचे अभ्यासक जेफ कॉल्विन यांनी मांडलेलं उद्रेकाचं चक्र, म्हणजे राग कसा चढतो आणि उतरतो ते, शिकवतात. शांत अवस्था, ठिणगी, अस्वस्थता, चढ, शिखर, उतार आणि सावरणं, असे सात टप्पे. त्यातल्या तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे मूल नुसतं अस्वस्थ असताना, थोडक्यात काम होतं. चढ सुरू झाला की तेच काम दसपट अवघड. तुमची नजर नेमकी त्या तिसऱ्या टप्प्यावर असायची. कार्यशाळेतला तो उंच मुलगा कागदी पिशव्यांना खळ लावता लावता थांबायचा, मूठ मांडीवर घासू लागायचा, श्वास मोठा व्हायचा. तुम्ही 'काय झालं रे?' असं विचारत नव्हता. खळीची वाटी बाजूला सरकवून त्याच्या हातात रिकामी बादली द्यायचात, 'चल, पाणी आणू' म्हणायचात आणि मागे न बघता नळाकडे चालू लागायचात. अर्धी बादली, पूर्ण नाही, म्हणजे सांडून नवा वैताग नको. ओझं उचलल्याने हातापायांतला ताण जिरतो, गोंगाटातून बाहेर पडायला निमित्त मिळतं आणि चार जणांसमोर आपण हरलो असं त्याला वाटत नाही. राग चढत असताना बोललेलं समजून घ्यायची ताकद कमी होते. अशा वेळी विचारलेला प्रश्न म्हणजे डोक्यावर आणखी एक ओझं. हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, घडताना मात्र तुमच्याकडे पाहिलं.

राग चढलाच, तर तुमचं उभं राहणं बदलायचं. दीड-दोन हातांचं अंतर, अंग किंचित तिरकं, तळवे मोकळे आणि त्याला दिसतील असे. दार कधी अडवायचं नाही, पण आपलाही रस्ता मोकळा ठेवायचा. बोलणार एकच माणूस. चारी बाजूंनी चार ताई 'नको', 'सोड', 'बस खाली' म्हणू लागल्या तर मूल कुणाचंच ऐकू शकत नाही. वाक्य तीन-चार शब्दांचं, आवाज खाली, आणि एकदा बोललं की मनात दहा आकडे मोजायचे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना शब्द आत पोचून उत्तर बाहेर यायला वेळ लागतो. आपण तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा म्हटलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. 'शांत हो' हे दोन शब्द तर आम्हाला शाळेतून हद्दपार करावेसे वाटतात. काय करायचं ते त्यात नाही, शिवाय ते बहुधा ओरडूनच म्हटलं जातं. तुम्ही 'इथे बसायचं की बाहेर ओट्यावर?' असे दोनच पर्याय द्यायचात. दोन्ही तुम्हाला चालणारे आणि दोन्ही खरे.

आणि चिडलेल्या मुलाला ओढत बाहेर नेण्याऐवजी तुम्ही बाकीच्या मुलांना बाहेर काढायचात. जाता जाता कात्री, कंपास, स्टीलचे डबे ओच्यात. बघे गेले की निम्मा जोर आपोआप ओसरतो.

केस आणि चावा, या दोन गोष्टी नव्या मदतनिसांनी पहिल्याच दिवशी हाताने करून बघाव्यात. केस पकडले तर मागे हिसडा द्यायचा नाही. आपले दोन्ही तळवे त्याच्या मुठीवर ठेवून ती मूठ आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायची. ओढायला जागाच उरत नाही, वेदना कमी होते, आणि बोटं सैल पडेपर्यंत थांबता येतं. चावा घेतला तर हात बाहेर ओढल्यास कातडी फाटते. हात किंचित आत, तोंडाच्याच दिशेने दाबायचा. जबडा उघडला की सोडवून घ्यायचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची आणि कातडी फुटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायचं. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, ओढणी पिन लावून बांधलेली, कानात लोंबतं काही नाही, ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी. तुम्ही रोज सकाळी मस्टरवर सही करण्याआधी हे उरकायचात.

धरून ठेवण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण अजून बऱ्याच ठिकाणी 'दोघांनी धरा' हाच पहिला उपाय असतो. पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं तर छाती फुगू शकत नाही आणि श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. तोंडाने ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, ही समजूत घातक आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ मानसिक आरोग्य संस्थांना लागू आहे. तिथे एकटं कोंडून ठेवायला बंदी आहे. बांधणं-धरणं हे समोर उभी राहिलेली इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. हीच पट्टी शाळेलाही लावावी, असं आमचं ठाम मत आहे. फेफरं येऊन गेल्यावर मूल गोंधळलेलं असतं, धरायला गेलं की ढकलतं. त्याला हल्ला समजून दाबून ठेवणं हा अन्यायच.

उद्रेक संपल्यावर माणसं घाई करतात. अंगातला ताण निवायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. तेवढ्यात 'सॉरी म्हण' असा आग्रह धरला, किंवा त्याच्या देखत आईला फोन लावला, की दुसरी लाट येते आणि ती पहिलीपेक्षा मोठी असू शकते. तुम्ही पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवून तीन हातांवर भाजी निवडत बसायचात. बोलणं नाही, टक लावून बघणंही नाही. मग एक सोपं, जमणारं काम द्यायचात. नेमकं काय बिघडलं ते विचारायचं, तर दुसऱ्या दिवशी.

नोंदवहीबद्दल तुमचे वेगळे आभार. तुम्ही सांगायचात आणि आम्ही लिहायचो, कधी, त्याआधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका, आणि तोच नेमका रिकामा राहतो. दर वेळी मारल्यावर मुलाचं वर्गातलं लिहिण्याचं काम टळत असेल, तर मूल मारायलाच शिकतं. त्याला घरी पाठवणं म्हणजे त्या शिकण्यावर शिक्कामोर्तब. त्याऐवजी 'थांबू दे' असं सांगायचं चित्रकार्ड त्याच्या हाताशी ठेवायचं, आणि ते दाखवलं की लगेच, घासाघीस न करता, काम थांबवायचं. बोलता न येणाऱ्या मुलांत दुखणं आधी तपासायचं. किडलेली दाढ, ठणकणारा कान, दोन-तीन दिवस न झालेली शौच, मुलींची पाळी. शौचालयात, व्हॅनमध्ये, डबा भरवताना मुलांजवळ तुम्हीच असायचात, त्यामुळे हे तुम्हाला आधी कळायचं. म्हणूनच एक गोष्ट बोचते. प्रशिक्षणं होतात ती शिक्षकांसाठी, आणि मदतनीस त्या दिवशी चहा-नाश्ता सांभाळतात. संस्थाचालकांनी हे पत्र वाचलं, तर निदान एवढं बदलावं. पहिल्या रांगेतली खुर्ची मावशींना द्यावी आणि त्या दिवसाचा पूर्ण पगारही.

आता तुमच्या नव्या कामाविषयी थोडं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना आंघोळीच्या वेळी राग येतो, कारण अनोळखी हात अचानक कपडे काढू लागतात आणि वर थंडी. मागून जाऊ नका. समोरून, नजरेच्या उंचीवर येऊन नाव सांगा, पाणी आधी त्यांच्याच हातावर ओता, खांद्यावर टॉवेल राहू द्या आणि एका वेळी एकच अंग उघडं ठेवा. चष्मा आणि कानाचं यंत्र आधी लावलेलं असावं, यंत्र फक्त पाणी ओतताना काढा. तिन्हीसांजेला घालमेल वाढते, तेव्हा अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, आणि 'घरी जायचंय' म्हणाले तर वाद न घालता घराविषयीच विचारा. आणि कालपर्यंत शांत असलेलं माणूस एक-दोन दिवसांत एकदम भांडू लागलं, बरळू लागलं, तर त्याला स्वभाव समजू नका. लघवीतला संसर्ग, ताप, बद्धकोष्ठता किंवा नुकतंच बदललेलं औषध त्यामागे असू शकतं. त्याच दिवशी सिस्टरना सांगा. आमच्याकडे सांगायचात, तसंच, चहा थांबवून.

आपल्या,
शाळेतल्या सगळ्या ताई आणि सर