क्रूझवर पंधरा वर्षांच्या मुलाने करायचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोर्डाच्या परीक्षा संपत आल्या की पर्यटन पुरवण्यांमधून क्रूझची वर्णनं सुरू होतात. आजी-आजोबांना चढउतार नाही, लहानग्यांना खेळघर आहे, आईला चार दिवस स्वयंपाक नाही, असं सगळं त्यात असतं. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना मात्र ‘तरुणाईसाठी धमाल’ एवढ्यावर वाटेला लावलेलं असतं. आणि नेमकी हीच मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनचा पडदा ओढून मोबाइलमध्ये डोकं घालून पडलेली सापडतात. जहाजावर करण्यासारखं काही नसतं, असं नाही. या वयाच्या मुलांची सहल पहिल्या संध्याकाळी ठरते आणि ती संध्याकाळ घरची मंडळी बॅगा लावण्यात नि बुफेच्या रांगेत घालवतात, हे खरं कारण. कौटुंबिक सहली आखून देण्याचं काम आम्ही करतो, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

आधी जहाजाबद्दल. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेली, सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांची (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप). सिंगापूरहून आलटून पालटून सुटणारी ‘स्पेक्ट्रम’, ‘अँथम’, ‘ओव्हेशन’ ही क्वांटम वर्गातली जहाजं १,६८,००० टनांच्या आसपास, म्हणजे जवळपास साडेतीनपट. या मोठ्या जहाजांवर लाटांवर घसरण्याचं यंत्र, चढाईची भिंत, बंपर कार, वाऱ्याच्या झोतावर तरंगवणारा बोगदा आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० फूट उंच नेणारी काचेची कुपी असते. ‘गेंटिंग ड्रीम’ या आणखी एका जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या आणि दोरांवरची कसरत आहे. मुंबईच्या जहाजावर चढाईची भिंत आहे, पोहण्याचा तलाव आहे, रात्री कार्यक्रम असतात. पण दोन रात्रींच्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जग मिळेल ही अपेक्षा चुकीची. तिथे बरोबर एखादा समवयस्क चुलत-मावस भाऊ किंवा मैत्रीण असेल तरच मजा. एकट्या मुलासाठी चार रात्रींचं मोठं जहाज बरं. आपल्या पुरवणीत जाहिराती छापताना जहाजावरच्या मुलांच्या क्लबचे वयोगट, खेळांच्या उंचीच्या अटी आणि वाय-फायचा फोनमागे दर एवढं छापायला लावलंत, तर वाचकांचे चौकशीचे निम्मे फोन वाचतील.

वयोगटाचं प्रकरण बरेच जण हलक्यात घेतात. मोठ्या कंपन्यांत साधारण १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन गट असतात. वय धरलं जातं ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं. मुलगी प्रवास संपल्यावर आठवड्याने पंधरा पूर्ण करणार असेल, तर ती बारा वर्षांच्या मुलांत जाते आणि सहसा वरच्या गटात घेत नाहीत. दोघी बहिणी तेरा आणि सोळा वर्षांच्या असतील, तर त्या वेगळ्या पडतील हे घरी आधीच सांगावं. तारीख दोन आठवडे पुढेमागे करता येत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच करावी.

आता पहिली संध्याकाळ. लहान मुलांना पालक क्लबमध्ये सही करून सोडतात आणि सही करून घेऊन जातात. बारा वर्षांपुढची मुलं आपापली येतात-जातात, पालकांना आत प्रवेशही नसतो. त्यामुळे ‘कुणी बोलावलं नाही’ म्हणून मूल गेलंच नाही, असं सर्रास होतं. पहिल्या रात्री क्लबमध्ये ओळखीचा कार्यक्रम असतो. तिथे जमलेले गट पुढे शेवटपर्यंत टिकतात. दुसऱ्या दिवशी रात्री आलेल्याला जमलेल्या घोळक्यात शिरावं लागतं आणि या वयात ते कुणालाच जमत नाही. म्हणून बॅगा पडू द्याव्यात, जेवण लवकर उरकावं आणि मुलाला वेळेवर पाठवावं. एक तास बसून आवडलं नाही तर ये, एवढंच सांगावं. पोचवायला मात्र दारापर्यंत जाऊ नये! बाबा दारात उभे राहिले की पोरगं आत जात नाही.

चढण्याच्या दिवशी आणखी एक. केबिन सहसा दुपारी एक-दीडनंतर मिळतात आणि बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा संध्याकाळी दाराशी येतात. पोहण्याचे कपडे, एक टी-शर्ट, चार्जर आणि औषधं खांद्यावरच्या पिशवीत असतील, तर मुलांचा तो अर्धा दिवस सुटतो. तलाव आणि घसरगुंड्या सगळ्यात रिकाम्या असतात त्या याच वेळी.

लाटांच्या यंत्रावर आडवं झोपून घसरायला किमान उंची ५२ इंच, म्हणजे १३२ सेंमी लागते. उभं राहायला ५८ इंच, १४७ सेंमी. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, ती पहिल्याच दिवशी देऊन टाकावी. यंत्र मिनिटाला सुमारे ३०,००० गॅलन पाणी चढावर फेकतं, म्हणजे पाण्याचा थर पातळ पण वेग जबर. चुका ठरावीक होतात. झोपून घसरताना मूल घाबरून पुढे सरकतं, फळीचं नाक पाण्यात घुसतं आणि फळी उलटते. वजन जरा मागे, कोपर फळीवर, नजर समोर ठेवली तर फळी स्थिर राहते. उभं राहताना पायांकडे बघितलं की संपलं. गुडघे वाकलेले, वजन मागच्या पायावर जास्त, खांदे ज्या दिशेला वळतील तिकडे फळी जाणार. पडताना हात मागे टेकायचे नाहीत, मनगट दुखावतं. हनुवटी छातीशी घेऊन अंग सैल सोडायचं, पाणी स्वतःच वर नेऊन टाकतं. मुलांनी नाडी घट्ट बांधलेली चड्डी घालावी, मुलींनी अंगाला बसणारा पूर्ण पोहण्याचा पोशाख. पाण्याच्या झोतात सैल कपडा राहत नाही. चष्मा, साखळी, अंगठी बाहेर ठेवावी. समुद्रात घालवायच्या दिवशी तासभर रांग असते. जहाज बंदराला लागलेलं असताना हीच रांग पाच-दहा मिनिटांची होते.

चढाईच्या भिंतीला बूट जहाजाचेच असतात, मोजे आपले लागतात. ते न नेल्यामुळे परत फिरणारे रोज दिसतात. हातांनी ओढत गेलं की अर्ध्यावर पंजे भरून येतात, म्हणून पायांवर उभं राहत जायचं. वारा वाढला की भिंत आणि वरची कुपी दोन्ही बंद होतात. तेव्हा ‘उद्या करू’ हे वाक्य जहाजावर वर्ज्य.

पोट ढवळणं हा या वयाचा छुपा प्रश्न आहे. केबिनमध्ये आडवं पडून मोबाइल बघणाऱ्याला ते सगळ्यात आधी होतं, कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो हलतोय. उपाय म्हणजे उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघणं; आलेपाकाची वडीही चालते. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. तिने गुंगी येते, म्हणून ती घेतल्यावर सर्फिंग किंवा भिंत नको. केबिन घेतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घेतली तर हलणं कमी जाणवतं.

पैसे दोन ठिकाणी गळतात. किनारा मागे पडला की जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क सुरू होतं आणि फोन निमूट त्याला जोडला जातो; बिल घरी आल्यावर कळतं. सुटण्याआधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकावेत आणि नंतर फक्त वाय-फाय चालू करावं. जहाजाचं ॲप, म्हणजे वेळापत्रक आणि नोंदणी, जहाजाच्या वाय-फायवर फुकट चालतं. व्हॉट्सॲपसाठी पॅकेज लागतं आणि ते माणशी नसून फोनमागे असतं. पॅकेज न घेणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे: केबिनच्या भिंती धातूच्या असतात, फ्रिजवरचं लोहचुंबक त्यांना चिकटतं. दाराच्या आत एक कागद लावून ‘कुठे आहे, किती वाजता येतो’ लिहायची सवय लावली की निरोप पोचतात. दुसरी गळती गेमिंगच्या खोलीतली. जहाजावर मुलाला मिळणारं कार्ड आई-वडिलांच्या खात्याला जोडलेलं असतं आणि खेळण्यांना पंजा मारणारी यंत्रं तेच कार्ड घेतात. स्वागतकक्षात सांगितलं तर मुलाच्या कार्डावर मर्यादा घालून किंवा ते बंद करून मिळतं.

रात्री अठराखालच्यांना मोठ्यांशिवाय फिरायला बंदीची वेळ असते, अनेक जहाजांवर रात्री एकची. त्याआधी घरचा नियम काय, ते ठरवून टाकावं. दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. नव्या मित्रांच्या केबिनमध्ये जायचं नाही, भेटायचं ते क्लबमध्ये किंवा डेकवर. आणि कठड्यावर बसणं, चढणं, फोटोसाठी वाकणं नाही. धोक्याचा भोंगा सात आखूड आणि एक लांब असतो. लहान मुलांच्या मनगटावर जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक बांधतात, मोठ्यांच्या नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला तो क्रमांक पाठ हवा. भोंगा झाला तर आई-बाबांना शोधायला केबिनकडे न जाता त्याने थेट तिथे जायचं. हे घरी कुणी बोलत नाही.

चार जणांची केबिन हवी असेल तर लवकर घ्यावी. तशा केबिन मोजक्याच असतात, आणि जीवरक्षक नौकांतल्या जागांमुळे तिसऱ्या-चौथ्या माणसाची जागा केबिन रिकामी असूनही संपू शकते. घरून इलेक्ट्रिक किटली, इस्त्री किंवा सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नये, तपासणीत काढून ठेवतात. रात्रीच्या मॅगीचा बेत तिथेच संपतो. कारखान्यात बंद केलेली भाकरवडीची पाकिटं चालतात, डब्यातला घरचा चिवडा अडतो.

फुकेतला उतरणाऱ्यांसाठी घड्याळाचा मुद्दा. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज बहुधा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं, पण स्थानिक नेटवर्क मिळालं की फोन स्वतःहून थायलंडची वेळ दाखवतो. परत येण्याची वेळ साडेपाच असेल, तर तेव्हा फोनवर साडेचारच वाजलेले असतात आणि मुलं निवांत आइस्क्रीम खात बसतात. फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकतात, छोट्या बोटींनी ने-आण होते, म्हणजे रांगेचा वेळ वेगळाच. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून मुलाच्या हाताला बांधावं. किनाऱ्यावर जेट-स्की भाड्याने घेऊ देऊ नये. जुने ओरखडे दाखवून भरपाई मागण्याचा धंदा तिथे जुना आहे.

या सगळ्यापेक्षा फुकटची आणि मुलांना हमखास बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे रात्री वरच्या डेकवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून दुसरी जहाजं ओळखणं. सिंगापूरहून फुकेतला जाताना लागणारी मलाक्काची सामुद्रधुनी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. लाल दिसला तर आपल्याला त्याची डावी बाजू दिसते आहे. दोन्ही दिसले तर ते आपल्याकडे येतंय. मोठ्या जहाजाला दोन पांढरे दिवे, त्यातला पुढचा खालच्या उंचीवर. केबिनच्या टीव्हीवर एका चॅनेलवर आपली जागा आणि वेग नॉटमध्ये दिसतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

मुंबईहून जातानाही हे करता येतं. सुटल्यावर थोड्याच वेळात बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणारा वाटाड्या, चालत्या जहाजाच्या कडेला लावलेल्या दोरीच्या शिडीने छोट्या बोटीत उतरतो. ते बघायला खालच्या उघड्या डेकवर आधीच जागा धरावी. बंदर सोडताना कुलाब्याच्या टोकापुढचं प्राँग्ज दीपगृह आणि मग दक्षिणेकडे वळल्यावर, हवा स्वच्छ असेल तर, डाव्या हाताला खांदेरी. शिवाजी महाराजांनी बांधलेला हा जलदुर्ग २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेला, आणि त्याच्यावरच्या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा ताल वेगळा असतो. तो सेकंद मोजून वहीत लिहायला लावला, तर परतीच्या रात्री मुलं झोपायला जात नाहीत.

आपले,
कौटुंबिक सहली आखणारे दोन सहकारी, ठाणे