पॅरी साउंडला निघण्याआधी

ब्रॅम्प्टन, कॅनडा
२ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर होडीचा विषय निघाला आणि तू गप्प झालीस. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

शनिवारी पॅरी साउंडहून जॉर्जियन बेमध्ये फिरायला जायचंय. हा ह्युरॉन सरोवराचा भाग. पाणी गोडं, भरती-ओहोटी नाही, पण पलीकडचा काठ दिसत नाही एवढं अफाट. धास्ती आहे ती गारठ्याची. बाहेर पोरं अर्ध्या चड्डीत फिरतात, पण पाणी अजून बर्फासारखं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी त्याचा हिशेब १-१०-१ असा मांडलाय. धाप आवरायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. बाबांनी मला तारकर्लीच्या खाडीत पोहायला शिकवलं, पण बोटंच वळेनाशी झाली तर पोहणार कसं? पाण्यात पडल्यावर लाइफ जॅकेटचं बक्कलसुद्धा लागत नाही. कायद्याला प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट होडीत असावं लागतं. आम्ही ते धक्क्यावरच अंगात चढवणार आणि परत धक्क्यावरच काढणार.

काल छोट्याला त्याचं जॅकेट घातलं, बक्कल लावलं आणि खांद्याला धरून वर उचललं. जॅकेट सरकून कानापर्यंत आलं, हनुवटी आत गेली! पोटात धस्स झालं गं. वय बघून घेतलं होतं, बघायला हवं होतं वजन. आज बदलून आणलं, दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं.

होडी मित्राची, चालवणारही तोच. त्याच्याकडे चालकाचं कार्ड आहे. होडीत व्हीएचएफ रेडिओ आहे, अडचण आली तर त्याच्या वाहिनी १६ वर मदत मागायची. शिट्टी, बॅटरी, पाणी उपसायला डबा, १५ मीटरचा तरंगता दोर, सगळं काढून पाहिलं. पेट्रोल जायला एक हिस्सा, यायला एक, तिसऱ्याला हात लावायचा नाही. वारा असला तर बेत रद्द.

आजी सर्जेकोटच्या धक्क्यावर उभी राहून परतणाऱ्या होड्या मोजायची, आठवतं? तसं इथंही कुणीतरी मोजणारं हवं. शेजारच्या काकूंकडे कागद देतोय: किती जण, होडीचा रंग, कुठल्या बेटाकडे, आणि सहापर्यंत फोन आला नाही तर तटरक्षक दलाचा नंबर.

दिवाळीत आलो की होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊ. तेव्हा तूही जॅकेटचे बंद नीट बांधायचे, साडी चुरगळते म्हणायचं नाही.

आमचे सहा म्हणजे तुझे पहाटेचे साडेतीन. जागत बसू नकोस. उठलीस की माझा मेसेज आलेला असेल.

तुझा,
बाबू