पंजासारखा कंद म्हणजे ओळख नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तराखंडमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या भटकंतीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मनापासून आवडला. त्यातील गुलाबी-जांभळ्या तुऱ्याच्या छायाचित्राखाली मात्र ‘सालमपंजा, ऑर्किस लॅटिफोलिया’ अशी, म्हणजे हिमालयातील एका औषधी आमरीची (ऑर्किडची) नावे सांगणारी ओळ आहे, आणि लेखकाने ‘कंद पंजासारखा असल्याने ओळख पक्की’ असेही म्हटले आहे. वनस्पतिशास्त्राचा निवृत्त शिक्षक या नात्याने या दोन्ही विधानांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी नावाविषयी. ‘ऑर्किस लॅटिफोलिया’ हे लिनियसने युरोपातील आमरींना दिलेले नाव ब्रिटिश काळातील ग्रंथांनी हिमालयातील वनस्पतीलाही लावले, आणि औषधी वनस्पतींच्या आपल्याकडील पुस्तकांतून ते आजही उतरवून घेतले जाते. वास्तविक वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉन याने नेपाळमधील नमुन्यांवरून १८२५ सालीच या जातीचे ‘ऑर्किस हाताजिरिया’ असे स्वतंत्र वर्णन केले होते. ‘हत्ताजडी’ या तिथल्या बोलीतील नावाशी त्याचे नाते उघड आहे. पुढे १९६२ मध्ये हंगेरीचे शास्त्रज्ञ शो यांनी तिला ‘डॅक्टिलोऱ्हायझा’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, नेले. या ग्रीक नावाचा अर्थ ‘बोटांसारखे मूळ’ असा आहे आणि घोटाळ्याची सुरुवातही इथेच होते, कारण बोटांसारखा कंद ही काही या एकाच प्रजातीची मिरास नाही.

त्याच उंचीवरील गवताळ उतारांवर ‘जिम्नाडेनिया ऑर्किडिस’ ही दुसरी आमरी फुलते. तिचा तुराही गुलाबी असतो आणि कंदही पंजासारखाच असतो. दोघींतील फरक जमिनीखाली शोधायचा नसून फुलात शोधायचा असतो. डॅक्टिलोऱ्हायझाच्या ओष्ठावर, म्हणजे खालच्या रुंद पाकळीवर, गडद ठिपके किंवा रेषा असतात आणि फुलामागची सोंडेसारखी नळी, जिला शुंडिका म्हणतात, ती जाडसर असते. जिम्नाडेनियात ती बारीक व लांब असते आणि ओष्ठावर सहसा ठिपके नसतात. याहून खात्रीची खूण फुलाच्या तोंडाशी, भिंगाखाली दिसते. परागपुंजांच्या तळाशी दोन चिकट चकत्या असतात. पहिल्या प्रजातीत त्या एका लहानशा पिशवीत झाकलेल्या असतात, दुसरीत उघड्या असतात. ‘जिम्नाडेनिया’ म्हणजे उघडी ग्रंथी, तेव्हा ज्याने हे नाव ठेवले त्याने ओळखीची खूण नावातच सांगून ठेवली आहे. आपल्या छायाचित्रातील शुंडिका मला बारीक आणि ओष्ठ ठिपक्यांविना दिसला, म्हणून शंका आली. पण तुऱ्याच्या एकाच, तेही दुरून टिपलेल्या चित्रावरून मी दुसरे नाव ठामपणे सुचवणार नाही.

डॅक्टिलोऱ्हायझाच्या जातींत आपापसांत संकर सहज होतात आणि काही जाती गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊन निर्माण झाल्या आहेत, त्यामुळे तज्ज्ञांनाही जातींच्या सीमा आखताना वाद घालावे लागतात. काष्ठौषधीच्या दुकानात तर प्रश्न आणखी बिकट होतो. ‘सालममिश्री’ या एकाच नावाने तिथे हिमालयातील हे कंदही मिळतात आणि ‘युलोफिया’ या अगदी वेगळ्या प्रजातीचेही. वाळलेल्या कंदाला ना ओष्ठ असतो ना शुंडिका, मग गिऱ्हाइकाने ओळखावे तरी कशावरून?

लेखातील वाक्य मला खटकले ते याचमुळे. कंद पाहण्यासाठी रोप उपटावे लागते. या आमरीचा जुना कंद हंगामाअखेर सुकतो आणि शेजारचा नवा कंद पुढच्या वर्षीचे रोप देतो. उपटताना दोन्ही हातात येतात. धुळीइतक्या बारीक बियांत साठवलेले अन्न नसते, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात, त्यामुळे गेलेल्या रोपाची जागा लवकर भरत नाही. इतके करूनही हाती येणारा पंजा दोहोंपैकी कोणत्याही प्रजातीचा असू शकतो.

छायाचित्राखालील ओळीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. लेखकाकडे त्याच तुऱ्यातील एखाद्या फुलाचे समोरून आणि बाजूने जवळून टिपलेले चित्र असेल, तर तेही छापावे. शुंडिका आणि ओष्ठ नीट दिसले तर निदान प्रजातीचा निकाल लागेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा